अकोल्यात दीड टनी एसीचे तीन उन्हाळे : वापरानंतरचा अनुभव

महाशिवरात्र झाली की आमच्या घरी दोन कामं निघतात. हॉलमधल्या कूलरच्या ताट्या बदलायच्या आणि बेडरूमचा एसी धुवून घ्यायचा. यंदाचं धुणं गेल्या रविवारी उरकलं, म्हणून आता निवांत लिहायला बसले आहे.

एसी घेतला मार्च 2023 मध्ये. एका नावाजलेल्या कंपनीचा दीड टनी, पाच स्टार, इन्व्हर्टर स्प्लिट. खोली बारा बाय बाराची. एवढ्या खोलीला एक टन पुरतो असं दुकानदार म्हणत होता, पण आमचं घर शेवटच्या मजल्यावर, वर उघडा स्लॅब आणि भिंत पश्चिमेची. रात्री अकरालाही छताला हात लावला तर गरम लागतं. दीड टनाचा निर्णय बरोबर ठरला, त्याबद्दल आजही शंका नाही.

पहिला उन्हाळा उत्तम गेला. 26 वर एसी, सोबत पंखा दोनवर. सासूबाईंना आधी एसीची हवा नको होती, पण मे महिन्यात त्याही त्याच खोलीत झोपायला आल्या. त्या वर्षी सर्व्हिसिंग म्हणजे आतल्या जाळ्या काढून नळाखाली धुणं, एवढंच आम्हाला माहीत होतं. दर पंधरा दिवसांनी ते मी न चुकता करायचे आणि सगळं नीट चाललंय असं समजायचे.

मग आला मे 2024. अकोलेकरांना तो महिना वेगळा सांगायला नको. पारा 45 च्या वर गेला आणि उष्णतेमुळे जिल्ह्यात 31 मेपर्यंत कलम 144, म्हणजे जमावबंदी, लावावी लागली. नेमका तेव्हाच आमचा एसी थकला. चालू असायचा, आवाज यायचा, हवाही यायची, पण खोली 30 च्या खाली उतरत नव्हती. कंपनीत तक्रार नोंदवली तर आठ दिवसांनंतरची तारीख मिळाली. घरात आजारी माणूस, आठ दिवस थांबणं शक्य नव्हतं. शेवटी बाहेरचा मेकॅनिक बोलावला. त्याने आत हात लावून बघितला, बाहेरच्या पाइपकडे नजर टाकली आणि म्हणाला, "ताई, पाणी पडून नाही राहिलं ना? म्हणजे गॅस कमी हाये." 3,500 रुपये घेऊन त्याने गॅस भरला. चार दिवसांनी आभाळ आलं, पारा उतरला, खोली गार व्हायला लागली. आम्हाला वाटलं, गॅसनेच काम केलं.

त्या मेकॅनिकचं म्हणणं किती चुकीचं होतं, ते मला नंतर कळलं. एसीतून जे पाणी गळतं ते हवेतल्या दमटपणाचं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की चांगला चालणारा एसीही जेमतेम ठिबकतो. मृगाचा पाऊस पडला की त्याच नळीतून बादली भरते. त्यामुळे भर उन्हाळ्यात पाणी पडत नाही म्हणून गॅस कमी, हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. दुसरं म्हणजे गॅस हा पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय नुसता भरणं म्हणजे पैसे वाया.

खरं कारण फेब्रुवारी 2025 मध्ये सापडलं. ओळखीतून एक तरुण मुलगा सर्व्हिसिंगला आला. त्याने आतल्या युनिटला हात लावायच्या आधी गॅलरीबाहेरच्या युनिटचं झाकण उघडलं आणि मला बोलावून दाखवलं. आमचं घर जिनिंगपासून, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यापासून, फार लांब नाही. कापसाचा हंगाम सुरू झाला की रुईचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात, खिडकीच्या जाळीवरही चिकटतात. बाहेरच्या युनिटचा पंखा मागच्या बाजूने हवा ओढतो, आणि दोन हंगामांची ती रुई मागच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांवर धुळीसकट थापली गेली होती. त्याने कोपऱ्यातून बोटाने धरून ओढली तर वीतभर तुकडा गोधडीच्या अस्तरासारखा अखंड निघाला. पाणी मारल्यावर खाली जे वाहिलं ते शेतातल्या काळ्या मातीच्या चिखलासारखं होतं, गॅलरी दोनदा धुवावी लागली.

खोलीतली उष्णता बाहेर फेकण्याचं काम त्या पात्यांचं. त्यांनाच गोधडी पांघरली तर बिचारं मशीन फेकणार कुठे? वर बाहेर 45 अंश. मे 2024 मध्ये आमच्या एसीला गॅस नाही, मोकळी हवा हवी होती. त्या मुलाने दाब मोजायचं गेज लावून तपासलं तर गॅस उलट जास्त भरलेला निघाला. तो सगळा सिलिंडरमध्ये काढून घेतला, व्हॅक्यूम केला, म्हणजे नळ्यांतली हवा ओढून काढली, आणि युनिटच्या पट्टीवर जेवढं वजन लिहिलं आहे तेवढाच आर-32 गॅस काट्यावर मोजून भरला. इतक्या शिस्तीने काम करणारा माणूस मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

आता आकडे. रात्री दहाला आणि सकाळी सहाला मी मीटरचं रीडिंग वहीत लिहिते. फ्रिज आणि पंखे धरून मे 2024 मध्ये रात्रीचे 10 ते 11 युनिट पडत होते. मे 2025 मध्ये, तसंच ऊन आणि तेच 26 चं सेटिंग असताना, 7 ते साडेसात. महावितरणच्या बिलात 300 आणि 500 युनिटला दराचा स्लॅब बदलतो, त्यामुळे रोजच्या तीन युनिटांचा फरक महिन्याच्या शेवटी नुसत्या 90 युनिटांचा राहत नाही.

एसीच्या स्टार लेबलवरच्या वार्षिक युनिटांवर विसंबून बजेट करू नका, हेही सांगते. तो हिशेब वर्षाला 1,600 तास आणि बाहेर 24 ते 43 अंश तापमान धरून केलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा त्याच्याही वर असतो आणि रात्री भिंती तापलेल्याच असतात. माझा तासाचा खर्च लेबलपेक्षा बराच जास्त आहे आणि तो मशीनचा दोष मी मानत नाही.

तपासायची एक सोपी पद्धत त्या मुलाने शिकवली, ती मला फार उपयोगी पडली. स्वयंपाकघरात दुधासाठी वापरतो तो काडीचा डिजिटल थर्मामीटर घ्या. खोली गरम असताना एसी 18 वर, पंखा पूर्ण, पंधरा मिनिटं चालू द्या. मग वरून आत जाणाऱ्या हवेचं आणि खालून बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्हींत 10 अंशांच्या आसपास फरक असेल तर तब्येत चांगली. आमच्या एसीचा धुण्याआधी 6 होता, धुतल्यावर 11 आला. हा आकडा हातात असला की "गॅस कमी" म्हणणाऱ्याला तुम्ही दोन प्रश्न विचारू शकता.

यंदा बाहेरचं युनिट मी आणि यजमानांनी मिळून धुतलं. एसीचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा मुख्य स्विच, खाली पाडला आणि दहा मिनिटं थांबलो. मऊ ब्रशने वरपासून खालपर्यंत, पात्यांच्या रेषेतच रुई काढली. आडवा ब्रश फिरवला की पाती वाकतात आणि वाकलेल्या पात्यांतून हवा जात नाही. मग झाकण काढून आतून बाहेर साध्या नळीने पाणी मारलं, वायरिंगच्या बाजूला प्लास्टिक बांधून. गाडी धुण्याचा प्रेशर पंप वापरू नका. कुणी अ‍ॅसिडने चकचकीत करून देतो म्हणाला तरी नको म्हणा, ते अ‍ॅल्युमिनियम खातं. आमची गॅलरी रुंद आहे आणि युनिट हाताच्या अंतरावर आहे म्हणून हे जमलं. ज्यांचं युनिट भिंतीवर लटकलेलं आहे त्यांनी कृपा करून खिडकीबाहेर वाकू नये, माणूसच बोलवावा.

आतलं युनिट मेकॅनिककडूनच धुवून घेतलं. खाली पिशवी बांधून जेटने कॉइल आणि ब्लोअर धुतला, तेव्हा ब्लोअरच्या पात्यांतून काळा थर निघाला. सुरुवातीला येणारा कुबट वास त्याचाच होता. पाण्याच्या ट्रेमध्ये बुळबुळीत गोळा साचला होता. तो तसाच राहिला असता तर जूनमध्ये भिंतीवरून पाणी उतरलं असतं. ट्रेमध्ये एक लिटर पाणी ओतून ते बाहेरच्या नळीतून पूर्ण येतंय का, एवढं स्वतः बघून घ्या.

तक्रारीही आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये बाहेरच्या युनिटमध्ये पाल शिरली आणि सर्किट बोर्ड जळाला. वॉरंटीत बदलून मिळाला, पण बारा दिवस गेले. वायर आत जाते त्या भोकाला साधं रबरही नव्हतं. इतक्या किमतीच्या मशीनला ही काळजी कंपनीने घ्यायला हवी होती. आता आम्हीच फोम कोंबून ते बंद केलं आहे.

हॉलचा कूलर आम्ही काढलेला नाही. कोरड्या एप्रिल-मेमध्ये वाळ्याच्या ताटीसारखं सुख एसीत नाही, हे सासूबाईंचं मत मलाही पटतं. मृग लागला, हवा चिकट झाली की कूलर नुसता दमटपणा वाढवतो, तेव्हा एसीशिवाय झोप नाही. फक्त दोन्ही एकत्र लावू नका, दार उघडं ठेवूनही नाही. कूलरने हवेत भरलेलं पाणी एसीला पुन्हा काढत बसावं लागतं.

हे सगळं होळीच्या आत करा. सर्व्हिसिंगच्या त्या मुलाने फेब्रुवारीत आतल्या युनिटच्या धुलाईचे 600 घेतले आणि दीड तास मन लावून काम केलं. मे महिन्यात तो फोनसुद्धा उचलू शकत नाही.