भाड्याचा नेब्युलायझर: मशीन घ्या, मास्क नको

न्यूमोनियातून उठलेल्या लेकराला डॉक्टरांनी घरी नेब्युलायझरची वाफ (म्हणजे श्वासातून घ्यायचा औषधाचा बारीक फवारा) सांगितली, की सोलापुरात मेडिकलवाल्याकडून भाड्याचं कॉम्प्रेसर मशीन आणणं सोपं. दिवसावर भाडं, वर डिपॉझिट. मशीन दणकट आहे, आवाज मात्र पिठाच्या गिरणीसारखा. घाबरट पोराला आधी रिकामं चालवून दाखवा.

खरी तक्रार सोबत येणाऱ्या वापरलेल्या किटबद्दल. मास्क, औषधाचा कप आणि नळी नवीनच घ्या, मास्क लहान मुलांच्या मापाचा. मोठा मास्क नाकाशी बसत नाही आणि औषध डोळ्यांकडं जातं. मास्क लांब धरला किंवा मूल रडत असलं, तर छातीत फारसं काही पोचत नाही. झोपेत देणंही तितकं भरवशाचं नाही. मांडीवर ताठ बसवून द्यावं.

औषध चिठ्ठीप्रमाणंच. सांगितलं असेल तर त्यात ०.९ टक्के निर्जंतुक सलाइन. नळाचं पाणी कधीच नाही. ८-१० मिनिटांत कप फुरफुरायला लागतो. जास्त वेळ लागला तर कपातलं बारीक छिद्र तुंबलंय किंवा फिल्टर काळवंडलाय. बोअरच्या पाण्यानं धुतलं तर छिद्राशी पांढरा थर धरतो. शेवटचं खंगाळणं उकळून गार केलेल्या पाण्यानं, जंतूंसाठी. नळी धुवायची नाही. आत थेंब दिसले तर नुसतं मशीन चालवून सुकवायची.

ब्युडेसोनाइड (स्टेरॉइड औषध) असेल तर नंतर चूळ भरायला लावा, तोंड पुसा. मशीन चादरीवर ठेवू नका, हवेची भोकं झाकतात आणि ते तापतं.

मशीनला चार तारे, किटला एक.