हार्ड डिस्क गेलीच नव्हती

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे. बिलं, स्टॉक, कामगारांचे पगार, सगळं कोपऱ्यातल्या एका उबुंटू सर्व्हरवर, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर. तो बसवून देणारा मुलगा नोकरीला बाहेरगावी गेला आणि तेव्हापासून त्याची उस्तवार माझ्याकडे, म्हणजे कुणाकडेच नाही.

९ ऑक्टोबर २०२५. कैक महिन्यांनी मी 'ॲप्ट अपग्रेड', म्हणजे सगळं सॉफ्टवेअर अद्ययावत करणारी कमांड, मारलं. शेवटी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' असं काहीतरी सरकत गेलं. डिस्क तर निम्मी रिकामी होती, म्हणून लक्ष न देता सर्व्हरची मशीन रीस्टार्ट केली. काळ्या पडद्यावर उमटलं, 'कर्नल पॅनिक', म्हणजे सिस्टिमचा गाभाच अडकला, खाली 'अनेबल टू माउंट रूट एफएस', म्हणजे मुख्य डिस्क जोडता येत नाही. ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे महिन्याच्या विक्रीचा रिटर्न, भरायचा. हात थरथरायला लागले.

राजारामपुरीतल्या एका दुकानदाराला फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस येऊन मशीन उचलून घेऊन गेला. संध्याकाळी फोन : "साहेब, हार्ड डिस्क गेलीय. पुण्याला लॅबला पाठवलीय. डाटा मिळंल, पण खर्च हाय." मी म्हटलं, काय लागेल ते लागू दे, डाटा पाहिजे. हेच वाक्य मला महागात पडलं. रिकव्हरीचे २२,००० आणि नव्या डिस्कचे ६,००० असे २८,००० रोख दिले. पावती कोऱ्या चिठ्ठीवर, जीएसटी नंबर नाही. मशीन १३ तारखेला आली. तोवर ११ तारीख उलटली होती. आमच्या मोठ्या गिऱ्हाईकाचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, पुढच्या महिन्यावर गेलं आणि त्याने फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दिवाळीला मावसभाऊ आला. तो हेच काम करतो. चहा पिता पिता त्याने डिस्कची 'स्मार्ट' माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, काढली आणि हसायलाच लागला. "दादा, ही नवी? चाळीस हजार तास चाललीय की." सीरियल नंबर माझ्या २०२१ च्या खरेदी बिलाशी ताडला, तोच निघाला. खराब सेक्टर शून्य.

मग त्याने ॲप्टचा हिस्टरी लॉग उघडला. त्यात प्रत्येक कामाची तारीख-वेळ असते, हे मला माहीतच नव्हतं. १० ऑक्टोबर, सकाळी ११ वाजून ४७ मिनिटं : जादा जुने कर्नल काढले. म्हणजे मशीन दुकानात पोचल्यावर तासाभरात दुरुस्त! पुण्याला पाठवल्याचा फोन त्यानंतर सहा तासांनी.

झालं काय होतं? आमच्या सर्व्हरच्या डिस्कवर बूटचा, म्हणजे मशीन सुरू होताना लागणाऱ्या फाइलींचा, वेगळा छोटा कप्पा आहे, ५०० एमबीचा. कर्नलच्या प्रत्येक अपग्रेडला नवा कर्नल तिथे येऊन बसतो, जुने तसेच पडून राहतात. कप्पा भरला, त्यामुळे नव्या कर्नलची इनिट्रॅमएफएस फाइल तयारच झाली नाही. डिस्कपर्यंत पोचायला लागणारे ड्रायव्हर त्या फाइलमध्ये असतात. फाइल नाही म्हणून कर्नलला डिस्कच दिसेना. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटणारच की डिस्क मेली.

भावाने सांगितलं, सुरू होताना शिफ्ट दाबून धरायचं, काही मशीनवर एस्केप. ग्रबचा, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू येतो. त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन जुना कर्नल निवडला की बहुतेक वेळा मशीन सुरू होते. मग जादा कर्नल काढायचे, इनिट्रॅमएफएस नव्याने बनवायची, ग्रब अपडेट करायचा. जुनाही उठला नाही तर पेनड्राइव्हवरच्या लाइव्ह उबुंटूने सुरू करून, आपली डिस्क माउंट करून, 'सीएच-रूट' कमांडने आपल्या सिस्टिमच्या आत शिरून हेच करायचं. मी जुन्या कर्नलवरून सुरू करून पाहिलं. दोन मिनिटं लागली. अठ्ठावीस हजार भागिले दोन, हिशोब तुम्हीच करा.

लॉगचे प्रिंट घेऊन दुकानात गेलो. आधी "काम झालं न्हवं तुमचं?" प्रिंट पुढे ठेवल्यावर आवाज उतरला. न बसवलेल्या डिस्कचे ६,००० परत दिले. बाकीचे 'मेहनतीचे' म्हणाला. दुरुस्तीचे हजार-दोन हजार मागितले असते तर मी आनंदाने दिले असते की.

आता मशीन कुणाच्या हातात देण्याआधी डिस्कच्या सीरियल नंबरचा फोटो काढतो, आणि डिस्क गेली म्हणाला की स्मार्ट रिपोर्ट मागतो. बॅकअप रोज बाहेरच्या डिस्कवर जातो. बँकेचे, जीएसटी पोर्टलचे पासवर्ड बदलले. पण डिस्कला कुलूप (एन्क्रिप्शन) नव्हतं, आणि बारा कामगारांच्या आधारचे फोटो चार दिवस त्या दुकानात होते. ते कुठे कॉपी झाले असतील तर मला कळणारही नाही. त्या बाराजणांना हे अजून सांगितलेलं नाही. या पगाराला सांगणार आहे.