चेकचा हिशेब कशात ठेवावा: वही, स्प्रेडशीट की सॉफ्टवेअर?

नवं चेकबुक हातात आलं की नोंदी कशात ठेवायच्या हा प्रश्न लगेच येतो. वही आहे, स्प्रेडशीट आहे आणि बँकेच्या खात्याला थेट जोडता येणारं हिशेबाचं सॉफ्टवेअरही आहे. बहुतेक जण यांची तुलना वेळ किती वाचतो यावर करतात. मला तो निकष दुय्यम वाटतो. तुम्ही दिलेला पण अजून न वटलेला चेक तुम्हाला कुठे दिसतो, हे आधी बघा. कारण बँकेला तो माहीतच नसतो. समोरच्याने चेक खणात ठेवून दिला, तर ॲपवरची शिल्लक फुगलेलीच दिसणार. ती सगळी आपली समजून दुसरा चेक फाडला, की दोघांतला एक परत येणार.

चेक लिहिताना

इथे तिन्ही मार्गांत फरक जवळजवळ नाही. तारीख, नाव, अक्षरी रक्कम, आकड्यातली रक्कम, सही. अक्षरी रकमेपुढे ‘फक्त’ लिहून उरलेल्या जागेत रेघ मारायची, आकडे चौकटीच्या डाव्या कडेला चिकटवून लिहायचे, म्हणजे मागे-पुढे काही घुसवता येत नाही. अक्षरं आणि आकडे जुळले नाहीत तर अक्षरी रक्कम धरायची, असं भारताच्या 1881 च्या कायद्यात आहे आणि चेकविषयीच्या 1931 च्या जिनिव्हा करारातही आहे. व्यवहारात मात्र बँक असा चेक बहुधा परतच पाठवते, तेव्हा कायद्यावर विसंबू नका.

एक सवय मात्र पुढचं सगळं ठरवते: स्थळप्रत (चेक फाडल्यावर चेकबुकातच राहणारा तुकडा) आधी भरायची, चेक नंतर. उलट क्रमाने केलं की चेक निघून जातो आणि स्थळप्रत कोरी राहते. रद्द केलेल्या चेकचा क्रमांकही नोंदीत हवा, नाहीतर तीन महिन्यांनी तो हरवलेला वाटतो.

वही

वहीचा खरा फायदा ताळमेळ करताना, म्हणजे आपल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवून बघताना, कळतो. समजा, महिनाअखेरीला बँकेच्या स्टेटमेंटवर शिल्लक 48,350 आहे आणि तुमच्या वहीत 41,930. दोन्ही बाजूंना एकेक नोंद घेऊन टिक करत जायचं. वहीतले दोन चेक टिकेविना उरले, 5,400 आणि 2,200 चे. ते अजून वटलेले नाहीत. तुम्ही भरलेले 1,000 बँकेत अजून जमा दिसत नाहीत. म्हणजे बँकेची बाजू झाली 48,350 वजा 7,600 अधिक 1,000, बरोबर 41,750. आता वहीची बाजू. बँकेने 240 शुल्क कापलंय, 150 व्याज दिलंय, आणि दोन्ही तुमच्याकडे नाहीत. वही आली 41,840 वर.

फरक उरला 90 चा. त्याला 9 ने भाग जातो, म्हणजे आधी आकड्यांची अदलाबदल शोधायची. आणि सापडते: चेक गेला 1,320 चा, वहीत लिहिला 1,230. वहीतून 90 वजा केले की दोन्हीकडे 41,750. दोन शेजारचे अंक उलटे पडले की फरक नेहमी 9 च्या पटीत येतो. शून्य गळलं तरी तसंच होतं, 1,200 चे 120 झाले तर फरक 1,080. नऊची पट दुसऱ्या कारणानेही येऊ शकते, पण शोध तिथून सुरू करावा. रक्कम जमेऐवजी नावे (खर्चाच्या बाजूला) पडली असेल तर फरकाच्या निम्मी रक्कम शोधायची.

लक्षात घ्या, बँकेच्या बाजूच्या दुरुस्त्या फक्त कागदावरच्या. तिथे काळ आपोआप काम करतो. वहीच्या बाजूच्या मात्र नोंदी करून टाकायच्या. नवशिक्यांचा गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो. वहीची उणी बाजू म्हणजे बेरजा हाताने आणि शोधाशोध डोळ्यांनी. महिन्याला दहा-पंधरा नोंदींपर्यंत हे जमतं, पुढे कंटाळा चुका करवतो.

स्प्रेडशीट

माझा कौल बहुतेकांसाठी इकडे आहे, एका अटीवर: ‘वटल्याची तारीख’ असा वेगळा रकाना हवा. तो कोरा असलेल्या ओळी गाळून काढल्या की न वटलेल्या चेकची यादी क्षणात समोर येते. वहीत हेच करायला पानं उलटावी लागतात. जुने चेकही तिथेच उठून दिसतात. भारतात 1 एप्रिल 2012 पासून चेक तारखेपासून तीन महिने चालतो. अमेरिकेत सहा महिन्यांनंतर तो वटवण्याचं बंधन बँकेवर नसतं. मुदत संपत आलेला चेक दिसला की ज्याला दिला त्याला फोन करायचा. मुदत गेली म्हणून देणं फिटत नाही, त्यामुळे ती रक्कम गुपचूप शिलकीत ओढू नका.

धोके? शेवटची ओळ बेरजेच्या सूत्राबाहेर राहणं, आणि क्रम लावताना एकच रकाना हलून बाकीचे जागेवर राहणं. दुसरं झालं तर सगळ्या नोंदी भलत्याच माणसांच्या नावावर जातात आणि बेरीज मात्र बरोबर येते.

सॉफ्टवेअर

बँकेच्या नोंदी आपोआप येतात, जोड्या आपोआप लागतात. नोंदी शेकड्यांत असतील तर याला पर्याय नाही. पण चेक देतानाच नोंद केली नसेल, तर तो वटल्यावर सॉफ्टवेअर विचारतं, ही नोंद घालू का? तुम्ही ‘हो’ म्हणता, हिरवी खूण येते, फरक शून्य. यात ताळमेळ कुठे झाला? बँकेच्या नोंदीशी बँकेचीच नोंद जुळवली. कोणी रक्कम खाडाखोड करून वाढवली असती, तरी हिरवी खूण आलीच असती. दर महिन्याला एकाच रकमेचे चेक जात असतील तर जोडी भलत्या महिन्याशीही लागते. चेक क्रमांक ताडून बघावाच लागतो.

तेव्हा महिन्याला चार-दोन चेक असतील तर वहीच ठेवा. त्याहून जास्त असतील तर स्प्रेडशीट. सॉफ्टवेअर घ्यायचंच असेल तर निदान दोन-तीन महिन्यांचा ताळमेळ हाताने करून मग घ्या, आणि बदल महिन्याच्या मधेच करू नका. ज्या तारखेला ताळमेळ बसलाय ती सुरुवात धरा. आरंभीची शिल्लक म्हणून स्टेटमेंटवरचा आकडा घाला आणि तोवर न वटलेला प्रत्येक चेक, तसंच बँकेत अजून न दिसलेला भरणा, त्याच्या मूळ तारखेने वेगळा नोंदवा. वरच्या उदाहरणात वहीतले 41,750 आरंभी घातले असते, तर 5,400 चा चेक वटल्यावर तो दुसऱ्यांदा वजा झाला असता.