शाहू स्टेडियमची गॅलरी की मोबाईलचं प्रक्षेपण? कॉलेजची पोरं पारखायची तर

कोल्हापुरात कॉलेजच्या वयातला सगळ्यात बघण्यासारखा फुटबॉल खेळाडू कोण, या वादाचा निकाल पेठेनुसार लागतो. पाटाकडील आणि बालगोपाल हे इथले तालमींचे संघ; पाटाकडीलवाला बालगोपालच्या पोराचं नाव आपण होऊन घेईल, ही आशाच नको. त्यात हल्ली निम्मा वाद मोबाईलवर बघितलेल्या सामन्यांवर चालतो, आणि घोळ तिथंच आहे. म्हणून शाहू स्टेडियमची गॅलरी आणि घरबसल्याचं यूट्यूब प्रक्षेपण या दोन्हींना इथं एकच प्रश्न विचारलाय: वीस वर्षांचं पोर खरंच किती पाण्यात आहे, हे कुठून कळतं?

प्रक्षेपणाचं आधी उरकू. स्थानिक सामन्यांना बहुतेक वेळा मध्यरेषेजवळ एकच कॅमेरा असतो आणि तो चेंडूमागं फिरतो. गोल, पेनल्टी, टायब्रेकर बघायला तेवढं पुरतं. पण चेंडू डाव्या कोपऱ्यात असताना उजवा विंगर (कडेनं हल्ला करणारा) कुठं उभा आहे, स्टॉपरनं, म्हणजे मधल्या बचावपटूनं, बचावफळी वर आणली का, गोलरक्षक चार पावलं पुढं आला का, यातलं काहीच पडद्यावर येत नाही. पूर्ण सामन्यात एका खेळाडूच्या पायात चेंडू असतो तो मोजून दोन-तीन मिनिटं. उरलेला वेळ तो काय करतो, त्यावरच त्याची खरी किंमत ठरते आणि नेमकं तेच गाळलं जातं. पारख करायला म्हणाल तर प्रक्षेपण नापास.

गॅलरी मात्र बसाल तशी मिळते. तळाच्या पायऱ्या टाळा. तिथून गोंगाट मस्त ऐकू येतो, पण नजर मैदानाच्या पातळीला येते आणि दोन खेळाडूंमधलं अंतर कळेनासं होतं. पाच मीटर मोकळा असलेला फॉरवर्ड तिथून बचावपटूला चिकटलेला दिसतो. वरच्या पायऱ्यांवर, मध्यरेषा आणि पेनल्टी क्षेत्र यांच्या मधोमध बसलं की दोन्ही फळ्या एका नजरेत येतात. चारच्या सामन्याला मावळतीकडं पाठ होईल अशी बाजू धरा, नाहीतर उत्तरार्ध कपाळावर हात धरून बघावा लागतो. मार्च-एप्रिलमध्ये पायरी तापलेली असते. बसायला जाड वर्तमानपत्र आणि डोक्याला टोपी हवीच. सावलीच्या बाबतीत गॅलरीला फार गुण देता येत नाहीत.

जागा मिळाली की चेंडू सोडा आणि एकच खेळाडू धरून सलग दहा मिनिटं बघा. पास येण्याआधी तो मान वळवून मागं बघतो का? बघणाऱ्याला चेंडू येण्याआधीच पुढचा पास ठाऊक असतो. न बघणारा चेंडू थांबवतो, मग विचार करतो आणि तेवढ्यात समोरचा अंगावर आलेला असतो. मग पहिला स्पर्श बघा. उन्हानं टणक झालेल्या जमिनीवर टप्पा उंच उठतो, चेंडू गुडघ्याशी येतो. चांगल्या पोराचा चेंडू पहिल्या स्पर्शानंतर एका पावलाच्या आत राहतो, तोही त्याला जायचंय त्या बाजूला. दोन मीटर सुटला की पुढची धाव कितीही जोरकस असो, तो चेंडू समोरच्याशी झुंजूनच मिळवावा लागतो. अंतराचा अंदाज घ्यायला खुणा मैदानावरच आहेत: मधल्या वर्तुळाची त्रिज्या 9.15 मीटर, पेनल्टी क्षेत्राची खोली 16.5 मीटर. चेंडू गेल्यावर पुढं गेलेला बॅक, म्हणजे बचावपटू, पाच-सहा सेकंदांत माघारी येतो का, हेही त्याच खुणांवरून समजतं.

टाळ्या मिळतात त्या तिघांना चकवणाऱ्या विंगरला. मिळू देत. पण चौथ्याला चकवताना चेंडू गमावल्यावर तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तर माझ्या यादीतून बाद. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून इथल्या कुठल्याही वेगवान पोराला ‘पुढचा अनिकेत’ म्हणून टाकणं सोपं झालंय. नुसता वेग बघायचा असेल तर शंभर मीटरची शर्यत आहेच की.

आणखी एक अडचण आहे, ती गॅलरीची नाही, संघबांधणीची. बऱ्याच संघांत आघाडीला परदेशी खेळाडू असतो. मग मूळचा स्ट्रायकर असलेलं कॉलेजचं पोर विंगवर ढकललं जातं आणि ‘यंदा त्याचा खेळ बसला’ म्हणून नावं ठेवली जातात. अशा पोराला शिवाजी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यात बघावं. तिथं तो आपल्या जागेवर खेळतो, डोक्यावर पेठेचं ओझं नसतं, बघायला मोजकी टाळकी असतात. उलट तिथं आरामात चेंडू फिरवणारा हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, शाहू स्टेडियमवर भरल्या गॅलरीसमोर घाईघाईनं लांब चेंडू हाणायला लागला, तर तेही टिपून ठेवा. दोन्हीकडं सारखा खेळणारा पोरगा विरळा.

पारखायलाच जाणार असाल तर पाटाकडील विरुद्ध बालगोपालसारखा सामना त्यासाठी निवडू नका. त्या दिवशी मधली जागा धरायची तर फार आधी जावं लागतं, एकदा बसलं की हलता येत नाही, आणि समोरचे उभे राहिले की तुम्हालाही उभं राहावंच लागतं. साखळीतला, आठवड्याच्या मधल्या वारचा, कमी गाजावाजाचा सामना घ्या. पूर्वार्ध मधल्या जागेवरून बघून उत्तरार्धाला कोपऱ्याकडं सरकता येतं. कॉर्नरला पोरं एकमेकांना कशी धरतात, कोण आधी उडी मारतो, हे तिथून स्वच्छ दिसतं.

आता नाव कुणाचं घ्यायचं, ते तुमच्या पेठेवर सोडतो. मैदानावरच्या जागेचं विचाराल तर माझं मत बचावफळीपुढं खेळणाऱ्या हाफला. गोलांच्या यादीत तो नसतो, मोबाईलवर जेमतेम दिसतो. गॅलरीत वर बसून बघितलं तर समोरच्या संघाचे निम्मे हल्ले त्याच्यापाशीच येऊन विझलेले असतात.