क्षणात नाहीशा होणाऱ्या फोटोंचे नवे अ‍ॅप

पाहून होताच नाहीसे होणारे फोटो पाठवण्याची कल्पना स्नॅपचॅटने २०११ मध्ये आणली आणि व्हॉट्सअ‍ॅपनेही २०२१ मध्ये एकदाच पाहता येणाऱ्या फोटोंची सोय दिली. त्यामुळे कोल्हापूरच्या राजारामपुरीतील महाविद्यालयीन मुलांमध्ये सध्या चर्चेत असलेल्या या नव्या अ‍ॅपकडून थोडी अधिक अपेक्षा होती. रंकाळ्यावरून पाठवलेला भेळेचा फोटो दहा सेकंदांत नाहीसा झाला, आणि स्क्रीनशॉट घेताच पाठवणाऱ्याला सूचनाही मिळाली. मात्र शेजारी बसलेल्या मित्राने दुसऱ्या मोबाइलने पडद्याचाच फोटो काढला, तेव्हा अ‍ॅपला त्याचा पत्ताही लागला नाही (तो लागणारही कसा?). मित्रांच्या थट्टामस्करीसाठी ते झकास आहे. आधार कार्डाचा फोटो मात्र त्यावरून पाठवू नये. नोंदणी करतानाच मोबाइलमधील सगळे क्रमांक मागण्याचा आगाऊपणा तर मला अजिबात पटला नाही.