रुफस वापरून विंडोज ११: सहाव्या-सातव्या पिढीला बिनधास्त, त्याखाली जपून

महापे-ऐरोलीच्या आयटी कंपन्या काही वर्षांनी मशीन बदलतात आणि जुने डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर सेकंडहँड बाजारात येतात. एपीएमसीतले गाळे, वागळे इस्टेटमधली छोटी युनिट्स, नौपाड्यातले क्लासेस, घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांची ऑफिसं यांत असे सीपीयू हमखास दिसतात. मशीन धडधाकट असतं, पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला आणि विंडोज ११ मागितलं तर ‘हा पीसी पात्र नाही’ असं उत्तर मिळतं. मायक्रोसॉफ्टची यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि एएमडीच्या रायझन २००० पासून सुरू होते. सातव्या पिढीतले मोजकेच प्रोसेसर तिच्यात आहेत. त्यातला एक आय७-७८२०एचक्यू, जो मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस स्टुडिओ २ मध्ये बसवलेला होता. अटीत तंत्र किती आणि सोय किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

ही अट बाजूला सारायला सगळ्यात सुटसुटीत साधन म्हणजे रुफस, विंडोजचा इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर तयार करून देणारा प्रोग्राम. पीट बटार्ड यांनी लिहिलेला, फुकट, ओपन सोर्स, दोनेक एमबीची फाइल, इन्स्टॉल न करता थेट चालणारा. तो सेटअपमधली तपासणी बंद करतो, एवढंच. प्रोसेसरमध्ये जे नाही ते आणून देणं त्याच्या हातात नाही, आणि लोकांची फसगत नेमकी इथे होते. २४एच२ या २०२४ च्या आवृत्तीपासून विंडोज ११ ला प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपसीएनटी या अंगभूत सूचना (इन्स्ट्रक्शन) लागतात. कोअर २ ड्युओ, कोअर २ क्वाड आणि एएमडी फेनॉम २ यांत त्या पूर्ण नाहीत, त्यामुळे तिथे २४एच२ बूटच होत नाही. रुफसमध्ये कितीही खुणा केल्या तरी नाही. अशा मशीनवर वेळ घालवू नये. हलकं लिनक्स टाकावं किंवा भंगारात द्यावं.

दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या कोअर आय३-आय५ वर विंडोज ११ चढतं. पण एचडी ३००० किंवा एचडी ४००० ग्राफिक्सचे ड्रायव्हर जुन्या डब्ल्यूडीडीएम (विंडोजची ग्राफिक्स ड्रायव्हरची पद्धत) १.एक्स घराण्यातले आणि विंडोज ११ ला हवं २.०, त्यामुळे खिडक्या उघडता-मिटताना अडखळतात. चौथ्या पिढीवर एसएसडी आणि ८ जीबी रॅम असेल तर ऑफिसकाम होतं. सहावी आणि सातवी पिढी मात्र या कामासाठीच आहे असं म्हणावं: ऑप्टिप्लेक्स ७०४० किंवा ७०५०, एलिटडेस्क ८०० जी२, लॅपटॉपमध्ये थिंकपॅड टी४६०, लॅटिट्यूड ई७४७०. रॅम वाढवताना पाटी वाचा. ऑप्टिप्लेक्स ७०४० ला डीडीआर४ लागते, पण त्याच पिढीच्या ३०४० ला डीडीआर३एल. ‘सहावी पिढी म्हणजे डीडीआर४’ असं गृहीत धरून आणलेली पट्टी स्लॉटमध्ये बसणारच नाही. आणि हार्ड डिस्कवर विंडोज ११ टाकूच नका. आधी २५६ जीबीची साटा एसएसडी घ्या, मग पुढचं बोला.

रुफस उघडण्याआधी बायोस (विंडोजच्या आधी उघडणारं मशीनचं मूळ सेटिंग) बघा. सहाव्या-सातव्या पिढीच्या बऱ्याच मशीनमध्ये टीपीएम (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) असतोच, फक्त बंद ठेवलेला असतो. इंटेलवर त्याचं नाव ‘पीटीटी’. डेलला एफ२, एचपीला एफ१०, थिंकसेंटरला एफ१ दाबून बायोसमध्ये जा, पीटीटी चालू करा आणि विंडोजमध्ये परत येऊन ‘टीपीएम डॉट एमएससी’ उघडा. तिथे स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसलं तर अडसर फक्त प्रोसेसरच्या यादीचा उरला. १.२ दिसलं तर ऑप्टिप्लेक्स ७०४० सारख्या मॉडेलांसाठी डेलनं टीपीएमचं फर्मवेअर २.० वर नेणारं साधन दिलेलं आहे. ते चालवण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) थांबवावा लागतो, पॉवरशेलमधून टीपीएमचं ऑटो-प्रोव्हिजनिंग बंद करावं लागतं आणि बायोसमधून टीपीएम क्लिअर करावा लागतो. हा क्रम चुकला की साधन अपडेट नाकारतं. रुफस टीपीएमची अट काढतो, मग हा खटाटोप कशाला? कारण बिटलॉकरच्या किल्ल्या आणि विंडोज हॅलोचा पिन सुरक्षित ठेवायला हीच चिप लागते.

आता बायोसमध्ये आहातच, तर घड्याळ बघा. तारीख मागे गेलेली असेल तर बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. सात-आठ वर्षांच्या डेस्कटॉपमध्ये हे नेहमीचंच. सेल मेलेला असताना रात्री मेनचं बटण बंद केलं की सेटिंग्ज मूळपदावर जातात: काही मशीनवर यूईएफआयचं (बूटची नवी पद्धत) लीगसी (जुनी पद्धत) होतं, पीटीटी बंद पडतो आणि सकाळी ‘बूट डिव्हाइस सापडलं नाही’. दोष विंडोज ११ ला दिला जातो, खर्च मात्र एका सेलचा असतो. सेल आधी बदला.

मग पेनड्राइव्ह. विंडोजच्या इन्स्टॉलरची आयएसओ फाइल ५ जीबीच्या वर असते, त्यामुळे १६ जीबीचा सरळ घ्यावा. स्टेशनबाहेरच्या ठेल्यावरचा स्वस्त ‘६४ जीबी’वाला घेतलाच असेल, तर रुफसमधली बॅड ब्लॉक तपासण्याची खूण करून एकदा चालवा. वेळ लागतो, पण खोटी क्षमता उघडी पडते. नाहीतर फाइल अर्धवट लिहिली जाते आणि सेटअप मध्येच ‘फाइल सापडत नाही’ म्हणून थांबतो. आयएसओ मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच उतरवा. रुफसच्या ‘सिलेक्ट’ बटणाच्या बाणावर टिचकी मारली की ‘डाउनलोड’ निवडता येतं, तोही तिथूनच आणतो.

भाषेकडे लक्ष द्या, कारण आपल्याकडे हे फार नडतं. चालू विंडोज १० वरच चढवायचं असेल तर आयएसओची भाषा मूळ विंडोजशी जुळायला हवी. मूळ भाषा इंग्लिश युनायटेड स्टेट्स असेल आणि तुम्ही इंग्लिश इंटरनॅशनलची आयएसओ आणलीत, तर ‘फाइल्स आणि ॲप्स ठेवा’ हा पर्याय करडा होतो, निवडता येत नाही. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये डीआयएसएम या विंडोजच्या कमांडला ऑनलाइन आणि गेट-इंटल हे दोन पर्याय देऊन विचारलं की डीफॉल्ट सिस्टिम भाषा कळते. ईएन-यूएस असेल तर युनायटेड स्टेट्सची आयएसओ, ईएन-जीबी असेल तर इंटरनॅशनलची.

रुफसमध्ये आयएसओ निवडून ‘स्टार्ट’ दाबलं की खुणांची चौकट येते. पहिली खूण ४ जीबी रॅम, सिक्युअर बूट (बूट फाइलींची सही तपासणारी सोय) आणि टीपीएम २.० ची अट काढणारी. दुसरी मायक्रोसॉफ्ट अकाउंटची सक्ती काढणारी. ती लागू व्हायला सेटअपच्या वेळी नेटची वायर काढलेली आणि वायफाय न जोडलेलं हवं. बिटलॉकरचं आपोआप होणारं एन्क्रिप्शन बंद करायची खूण ऑफिसच्या सामायिक मशीनवर जरूर करा. रिकव्हरी की कोणाच्या अकाउंटवर गेली हे सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही. पार्टिशन स्कीम (डिस्कच्या भागांची मांडणी) यूईएफआयवरच्या मशीनला जीपीटी. सीपीयू लीगसी मोडवरच ठेवायचा असेल तर एमबीआर.

लीगसीतून यूईएफआयवर जायचं म्हटलं की आणखी एक देशी अडचण उभी राहते. विंडोजचं एमबीआर-टू-जीपीटी हे साधन डेटा न पुसता डिस्क बदलतं, पण त्याला प्रायमरी पार्टिशन जास्तीत जास्त तीन चालतात आणि एक्स्टेंडेड-लॉजिकल अजिबात चालत नाही. आपल्याकडे दुकानदारानं सी, डी, ई, एफ पाडून दिलेले असतात. त्यामुळे हे साधन व्हॅलिडेट करतानाच नकार देतं. उपाय दोनच: डेटा बाहेर काढून डिस्क नव्यानं पाडा, किंवा लीगसीवरच राहा.

क्लीन इन्स्टॉल करायचं तर पेनड्राइव्हवरून बूट करा. डेल-लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९. ॲप्स आणि फाइल्स तशाच ठेवायच्या तर विंडोज १० चालू असताना पेनड्राइव्ह उघडून त्यातला सेटअप चालवा. रुफस ४.६ पासून या सेटअपवर एक आवरण असतं, ते २४एच२ ची तपासणी चुकवतं. म्हणून जुनी रुफस फाइल कुठे पडली असेल तर टाकून द्या. सेटअपमध्ये ‘अपडेट्स आत्ता नको’ निवडा, दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस आधी काढा, ३० जीबीच्या आसपास जागा मोकळी ठेवा. विंडोज १० ३२-बिट असेल तर हा मार्ग बंदच. विंडोज ११ फक्त ६४-बिट असल्यामुळे क्लीन इन्स्टॉलला पर्याय नाही.

‘सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही’ असा संदेश आला तर १०० एमबीचं बूट पार्टिशन भरलंय. माउंटव्हॉल या कमांडनं त्याला ड्राइव्हचं अक्षर द्या आणि ईएफआय, मायक्रोसॉफ्ट, बूट या वाटेनं आतल्या फॉन्ट्स फोल्डरमधल्या फाइल्स पुसा. एवढी जागा पुरते. ०एक्ससी१९००१०१ नं सुरू होणारा एरर बहुतेक वेळा ड्रायव्हरचा असतो. प्रिंटर, डोंगल, जादा यूएसबी कार्ड सगळं काढून पुन्हा करा.

ॲक्टिव्हेशनची चिंता नको. विंडोज १० चं डिजिटल लायसन्स त्याच बोर्डवर ११ ला चालतं, आणि लॅपटॉपच्या बायोसमधली होम सिंगल लँग्वेजची की सेटअप स्वतः वाचतो. विंडोज ७ ची स्टिकरवरची की मात्र मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२३ पासून स्वीकारणं बंद केलंय.

या मार्गाची खरी किंमत नंतर कळते. महिन्याचे सुरक्षा अपडेट साधारणपणे येत राहतात, पण मायक्रोसॉफ्ट त्याची हमी देत नाही. वर्षाची मोठी आवृत्ती मात्र आपोआप येत नाही; दरवेळी नवी आयएसओ, पुन्हा रुफस. होम आणि प्रोसाठी २४एच२ चा सपोर्ट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, २५एच२ चा १२ ऑक्टोबर २०२७ पर्यंत. हे कॅलेंडरवर लिहून ठेवणारा माणूस ऑफिसात नसेल तर हा मार्ग घेऊ नका. त्यापेक्षा विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती ठेवून वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवा, तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. दुसरं असं की सिक्युअर बूटची २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून मुदतबाह्य होऊ लागतात. ज्या बोर्डाला नवी प्रमाणपत्रं पोचणार नाहीत, ती मशीन चालू राहतील, पण बूट पातळीवरची नवी सुरक्षा त्यांना मिळणार नाही.

मेमरी इंटिग्रिटी हे विंडोज सिक्युरिटीतलं, संशयास्पद ड्रायव्हर अडवणारं बटण सातव्या पिढीपासून ठीक चालतं. त्याआधीच्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी लागणारी हार्डवेअर सोय नाही, विंडोज ती सॉफ्टवेअरनं भागवतं आणि मशीन जाणवण्याइतकं मंदावतं. डीटीपीवाल्यांच्या जुन्या हार्डवेअर लॉकचा (सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं डोंगल) ड्रायव्हरही याच बटणामुळे अडतो. डोंगल लागलंय पण सॉफ्टवेअर ‘लॉक नाही’ म्हणतंय, असं झालं तर आधी इथे बघा. मराठी टायपिंगचा प्रश्न नाही, फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. टॅली असेल तर क्लीन इन्स्टॉलआधी लायसन्स सरेंडर करा आणि डेटा फोल्डरची प्रत बाहेर ठेवा. टॅलीप्राइम तो सहसा सी ड्राइव्हच्या पब्लिक फोल्डरमध्ये ठेवतं, आणि सी पुसला की तोही गेला.

हे काम दुकानातून करून घेणार असाल तर पैसे देण्याआधी दोन गोष्टी तपासा. ‘लाइट’ नावाची कापलेली विंडोज टाकलेली नाही ना? अपडेट्स बंद असतील किंवा डिफेंडरच नसेल तर तीच आहे. आणि रन चौकटीत एसएलएमजीआर, जागा सोडून तिरकी रेघ आणि एक्सपीआर टाका. ‘कायमचं ॲक्टिव्हेटेड’ असं यायला हवं. मुदतीची तारीख आली, विशेषतः १८० दिवसांच्या आतली, तर तुमचं लायसन्स बाजूला ठेवून ॲक्टिव्हेटर मारलेला आहे. मशीन परत द्या आणि मूळ आयएसओनं पुन्हा करायला सांगा.

चालू विंडोजवरून चढवलं असेल तर मागे फिरायला दहा दिवस मिळतात. ऑफिसात महिनाअखेरीचं बिलिंग, जीएसटीचं रिटर्न आणि डिजिटल सहीचं टोकन एकदा चालवून बघेपर्यंत ते अपुरे पडतात. चढवल्याच्या पहिल्याच दिवशी डीआयएसएमनं ओएस-अनइन्स्टॉल-विंडोची किंमत ६० करून ठेवा आणि तोवर डिस्क क्लीनअपमधून जुनं विंडोज पुसू नका.