परदेशातून मुंबईच्या कोर्टापर्यंत: २६/११ मध्ये ही सेवा कशी मिळाली

सेवा कुठली, तर परदेशात बसलेला आरोपी, तिथला साक्षीदार, तिथला पुरावा आपल्या कोर्टात आणून देणं. प्रत्यार्पण, लेटर रोगेटरी म्हणजे एलआर (आपल्या कोर्टानं परदेशी कोर्टाला मदतीसाठी लिहिलेलं पत्र), एमलॅट (गुन्ह्याच्या तपासात एकमेकांना मदत करायचा दोन देशांमधला करार) असली नावं आहेत तिला. हिचा रिव्ह्यू कुणी लिहीत नाही. पण पैसा आपल्या करातून जातो आणि २६/११ ला जी १६६ माणसं गेली त्यांच्या घरच्यांना हिची सगळ्यात जास्त गरज होती, त्यामुळे हिचाही हिशोब मागायला हवा असं मला मनापासून वाटतं. माझ्याकडून पाचपैकी अडीच स्टार.

सगळ्यात चांगलं काम झालं ते सगळ्यात कमी गाजलेल्या भागात, कसाबच्या खटल्यातल्या परदेशी पुराव्यात. अतिरेकी ज्या रबरी बोटीतून किनाऱ्याला लागले तिच्या यामाहा इंजिनाचा नंबर खोडलेला होता, एफबीआयच्या मदतीनं तो वाचला गेला आणि कंपनीच्या रेकॉर्डवरून ते इंजिन पाकिस्तानात गेलेलं असल्याचं पुढे आलं. जीपीएस सेटमधला समुद्रातला रस्ता तसाच काढला, ताज आणि नरिमन हाऊसमधून चाललेले फोन इंटरनेटवरून कसे फिरवले होते तेही अमेरिकेतल्या कंपनीच्या रेकॉर्डमधून कळलं. आणि हे नुसतं फाइलला लावून दिलं नाही, आर्थर रोड जेलमधल्या खास कोर्टात चाललेल्या त्या खटल्यात एफबीआयच्या लोकांनी साक्षी दिल्या. माझ्या मते खरी सर्व्हिस ती हीच, कारण परदेशातून आलेला कागद कोर्टात आपोआप पुरावा होत नाही, तो सिद्ध करायला कुणीतरी पुढे यावं लागतं आणि समोरच्या वकिलाच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात.

आता डेव्हिड हेडली, हल्ल्याआधी मुंबईची पाहणी करून गेलेला अमेरिकन. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये शिकागोला पकडला गेला, २०१० मध्ये गुन्हा कबूल केला आणि बदल्यात त्याला भारतात पाठवायचं नाही असं अमेरिकेनं मान्य केलं. याचा राग मला आजही येतो, ताडदेवला एसी मार्केटमध्ये इमिग्रेशनचं ऑफिस थाटून या माणसानं आपल्या शहराची रेकी केली होती. पण त्याच करारात परदेशी कोर्टापुढे व्हिडिओवरून साक्ष द्यायची अटही होती आणि आपण ती वापरली हे बरं झालं. फेब्रुवारी २०१६, सेशन्स कोर्टात जज सानप यांच्यापुढे अबू जुंदालचा, म्हणजे हल्लेखोरांना पाकिस्तानातून फोनवर सूचना दिल्याचा आरोप असलेल्या माणसाचा खटला, सकाळी आपल्याकडे कोर्ट भरायच्या नेहमीच्या वेळेच्या खूप आधी स्क्रीन सुरू व्हायची कारण तिकडे रात्र व्हायला लागलेली असायची, हेडली अमेरिकेत कुठे बसलाय ते गुप्त, आणि इकडून सरकारी वकील उज्ज्वल निकम एकेक प्रश्न टाकतायत. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याआधी दोन प्रयत्न फसले होते, एकदा तर बोट खडकावर आपटली होती, हे त्यानंच तिथे सांगितलं. एक दिवस लिंकच चालेना म्हणून साक्ष पुढे ढकलावी लागली. मग मार्चमध्ये जुंदालच्या वकिलांनी उलटतपासणी घेतली आणि तीही नीट झाली. अशी साक्ष चालते हे सुप्रीम कोर्टानं २००३ मध्येच महाराष्ट्र सरकारच्या एका केसमध्ये सांगून ठेवलंय, तिथे अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओवरून घ्यायची होती.

पाकिस्तानकडून मिळालेल्या सेवेला शून्य. पण एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांना सांगितली की आवडत नाही. तिकडे लष्कर-ए-तोयबाच्या झकीउर रहमान लखवीवर आणि त्याच्या साथीदारांवर खटला चालू होता, त्यासाठी मार्च २०१२ ला त्यांचं ज्युडिशियल कमिशन मुंबईत आलं, कसाबचा कबुलीजबाब नोंदवणाऱ्या मॅजिस्ट्रेट, तपास अधिकारी रमेश महाले आणि दोन डॉक्टर यांचे जबाब घेऊन गेलं, पण दोन्ही सरकारांचं आधीच ठरलं होतं की उलटतपासणी नाही. झालं, तिकडच्या कोर्टानं काही महिन्यांत सांगून टाकलं की अशा जबाबांना पुरावा म्हणून किंमत नाही. मग सप्टेंबर २०१३ ला परत कमिशन, परत तेच साक्षीदार, या वेळी उलटतपासणीसकट. दीड वर्ष गेलं ते त्या एका अटीपायी, आणि ती अट घालून घेण्यात आपलाही हात होता! मधल्या काळात, मे २०१३ मध्ये, तिकडचे सरकारी वकील चौधरी झुल्फिकार अली यांना इस्लामाबादमध्ये गोळ्या घालून मारलं. त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे, जिवाला धोका असताना तो ही केस चालवत होता. डिसेंबर २०१४ ला लखवीला जामीन झाला, एप्रिल २०१५ ला तो बाहेर.

सौदीनं २०१२ मध्ये जुंदालला, म्हणजे आपल्या बीड जिल्ह्यातल्या गेवराईच्या झबीउद्दीनला, झटपट पाठवून दिलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही खूश होते. पण तो म्हणतो मला सौदीत पकडून आणलं, पोलीस म्हणतात दिल्ली एअरपोर्टच्या बाहेर पकडलं, आणि त्या प्रवासाच्या कागदांवरून झालेल्या वादात खटला २०१८ पासून वर्षानुवर्षं लटकला. घाईत आणलेल्या माणसाचे कागद तेव्हाच नीट केले असते तर ही वेळ आली नसती.

उलट हेडलीचा मित्र आणि साथीदार तहव्वूर राणा याचं बघा, तो अमेरिकेत होता. जून २०२० मध्ये आपल्या विनंतीवरून पुन्हा अटक, मे २०२३ ला कॅलिफोर्नियातल्या कोर्टाची मंजुरी, ऑगस्ट २०२४ ला अपील फेटाळलं, जानेवारी २०२५ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं नकार दिला, १० एप्रिल २०२५ ला माणूस दिल्लीत. शिकागोच्या ज्युरीनं मुंबईच्या कटातून त्याला २०११ मध्येच सोडलं होतं, त्यामुळे एकाच गोष्टीसाठी परत खटला नको हा त्याचा मुद्दा काही फालतू नव्हता. कोर्टानं तो नीट तपासला आणि सांगितलं की भारतातल्या गुन्ह्यांचे घटक वेगळे आहेत, म्हणून पाठवता येईल. पाच वर्षं लागली याचा त्रास होतो, पण एवढ्या पायऱ्या चढून आलेलं प्रत्यार्पण मागाहून कुणी सहज मोडू शकणार नाही, म्हणून या भागाला मी चार स्टार देते.

अटी मात्र आधी वाचून घ्या. पोर्तुगालनं २००५ मध्ये ९३ च्या मुंबई स्फोटांतला आरोपी अबू सालेम दिला तो फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही या लेखी हमीवर, आणि ती हमी पाळावीच लागेल असं २०२२ मध्ये आपल्याच सुप्रीम कोर्टानं सांगितलं. ९३ च्या स्फोटांत ज्यांची माणसं गेली त्यांना हे टोचणारच, पण दिलेला शब्द मोडला तर पुढचा देश आपल्याला कुणाला देईल का?

आता दिल्लीतल्या एनआयएच्या, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या केसमध्ये राणा आरोपी आहे आणि हेडलीही. मुंबईत जुंदालच्या खटल्यात हेडली माफीचा साक्षीदार झाला होता, दिल्लीत तसं काही होऊन त्याची साक्ष झाली तर राणाच्या वकिलांना त्याला पाहिजे तेवढे प्रश्न विचारू द्या, लागू देत दिवस. ते झालं की मी स्टार बदलायला परत येईन.